कोविड वॉर्डातली रात्री नऊची गोळी

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिका रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक आणि तापाच्या रुग्णांना दाखल करून घेणारे सर्व वैद्यकीय अधिकारी, महाराष्ट्र

विषय : एचआयव्हीसह जगणाऱ्या रुग्णाला कोविड झाल्यास त्याची एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधे) एक दिवसही बंद पडू न देण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

एआरटी घेणाऱ्या पुष्कळ जणांच्या मोबाइलवर रात्री आठ-नऊच्या सुमारास एक गजर लावलेला असतो. कोविड वॉर्डातही तो वाजतो. माणूस उशाखालून फोन काढतो, गजर बंद करतो आणि पुन्हा झोपतो, कारण बाटली ज्या पिशवीत आहे ती पिशवी खाली नातेवाइकांकडे राहिलेली असते. कधी पिशवी जवळ असते, पण बाटलीवरचे लेबल त्याने केव्हाच खरवडून काढलेले असते. सिस्टर विचारतात, "कसली गोळी?" तो म्हणतो, "व्हिटॅमिनची." त्या सांगतात, "मग राहू द्या. इथली औषधे चालू आहेत, बाहेरचे काही घ्यायचे नाही."

सिस्टरचे काही चुकले नाही. वॉर्डाचा नियमच तसा आहे, आणि एरवी तो योग्यही आहे. पण इथे त्या नियमाने रुग्णाची सर्वांत महत्त्वाची गोळी बंद केली. विशेष म्हणजे केसपेपरवर त्याची कुठेही नोंद नाही. कोणी 'स्टॉप' लिहिलेले नाही. नुसतीच ती राहून गेली. ही राहून जाण्याची जागा बुजवावी, एवढ्यासाठी हे पत्र. खालचे तपशील आपल्यापैकी काहींना ठाऊक असतील. पण रात्री दोन वाजता दाखल करून घेणाऱ्या इंटर्नला ते ठाऊक असतातच असे नाही.

आधी धोक्याबद्दल. २०२० च्या सुरुवातीला दोन समजुती फिरत होत्या. एक, एचआयव्ही म्हणजे कोविडमध्ये मृत्यू ठरलेला. दुसरी, एआरटीमुळे कोविड होतच नाही. दोन्ही खोट्या ठरल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केप प्रांताच्या आकडेवारीत वय आणि इतर आजार लक्षात घेऊनही एचआयव्ही असणाऱ्यांत कोविडने मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्यांची माहिती मांडली, तीत ही वाढ ३० टक्क्यांच्या आसपास होती. सगळे एचआयव्हीबाधित मात्र एका पारड्यात बसत नाहीत. ज्याचा व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचे प्रमाण) दबलेला आहे आणि सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ५०० च्या वर आहे, त्याचा धोका मुख्यतः त्याचे वय, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांवर ठरतो. ज्याचा सीडी फोर २०० च्या खाली आहे किंवा ज्याची एआरटी सुटलेली आहे, त्याच्याबाबतीत काळजी वेगळीच. म्हणून दाखल करताना 'एचआयव्ही आहे का' याच्याइतकेच 'शेवटचा सीडी फोर किती, व्हायरल लोड कधी झाला, गोळी चालू आहे का' हे महत्त्वाचे.

आता ती गोळी. आपल्याकडे बहुतेकांना मिळते ती टीएलडी : टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्यूटेग्राव्हिर ५० मिग्रॅ, एकाच गोळीत, दिवसातून एकदा. एखादा डोस चुकला तर आठवताच घ्यावा, त्याने आभाळ कोसळत नाही. दहा-पंधरा दिवस सलग चुकले, की दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. नडणारी आणखी एक गोष्ट आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हीच हिपॅटायटिस बी वरचीही औषधे आहेत. ज्याला दोन्ही संसर्ग आहेत त्याची टीएलडी अचानक थांबली, तर यकृताचा दाह उसळू शकतो. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) वाढलेला दिसतो, आणि खापर फुटते रेमडेसिव्हिरवर किंवा कोविडवर.

गोळी आणायची कुठून, हा प्रश्न दर वेळी येतो. एआरटी केंद्र दुपारनंतर बंद, रविवारी बंद, नातेवाइकांना काही माहीत नाही. याचे उत्तर आपल्या कॅज्युअल्टीच्या कपाटातच आहे. कर्मचाऱ्याला सुई टोचली तर एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायचे पीईपीचे औषध तिथे ठेवलेले असते, आणि नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते टीएलडीच आहे, २८ दिवसांचे. म्हणजे जी गोळी आपण आपल्या माणसासाठी राखून ठेवतो, तीच रुग्णाला हवी असते. पीईपीचा साठा रिकामा करा असे आम्ही म्हणत नाही. त्याच कपाटात ३० गोळ्यांच्या दहा बाटल्या जास्त ठेवा, वेगळ्या नोंदवहीवर, आणि मुदत संपायला तीन महिने उरले की एआरटी केंद्राला देऊन बदलून घ्या. दहा बाटल्या म्हणजे ३०० गोळ्या. एका जिल्हा रुग्णालयाला तेवढ्या पुरतात असे आमचे मत आहे; आपला अनुभव वेगळा असेल तर आकडा बदला. फक्त एक जपा : रुग्ण खरोखर टीएलडीवरच आहे, याची त्याच्या हिरव्या वहीवरून (एआरटी केंद्राने रुग्णाला दिलेली नोंदवही) किंवा केंद्राला फोन करून खात्री करा. दुसऱ्या फळीतल्या (पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर द्यायच्या) औषधांवर असणाऱ्याला टीएलडी देऊन भागत नाही. आणि जो टीबीसाठी रिफाम्पिसिन घेतो आहे, त्याला टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्यूटेग्राव्हिर ५० ची आणखी एक गोळी लागते, कारण रिफाम्पिसिन ते औषध शरीरातून भराभर संपवते.

विचारायचे कसे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते. रांगेत, सासरा आणि दीर शेजारी उभे असताना "काही जुना आजार?" असे विचारले, की उत्तर "नाही" असेच येणार. नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर पाठवा आणि प्रश्न बदला : "रोज घ्यावीच लागते, चुकवून चालत नाही, अशी एखादी गोळी चालू आहे का?" या प्रश्नात आजाराचे नाव नाही, म्हणून उत्तर सोपे होते. हो म्हटले की बाटली बघा. लेबल नसले तरी हरकत नाही, हिरवी वही घरी कोणाकडे आहे ते विचारा. तीही नसेल तर कोणत्या केंद्रातून गोळ्या घेता एवढे विचारले तरी पुरे. केसपेपरवर औषधांच्या यादीत 'टीएलडी, रोज १, रात्री' एवढेच लिहा. पहिल्या पानावर लाल शाईत, खाटेच्या पाटीवर, पीपीई किटवाल्या मामांना कळावे म्हणून, असे कुठेही एचआयव्ही लिहायचे नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारायला किंवा परवानगीशिवाय माहिती उघड करायला त्याखाली मनाई आहे. तसेही कोविड वॉर्डात प्रत्येक जण मास्क-हातमोज्यांत असतो. त्याहून वेगळी काळजी एचआयव्हीसाठी लागत नाही.

आता इतर औषधे. कोविडचे प्रिस्क्रिप्शन म्हटले की २०२० पासून झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन जवळजवळ विचार न करता लिहिले जाते. डोल्यूटेग्राव्हिर झिंक, कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना आतड्यातच धरून बसते, आणि तो गठ्ठा रक्तात जात नाही. म्हणजे गोळी वेळेवर घेतली, कागदावर टिकही झाली, पण पोटात जाऊन वाया गेली. नियम सोपा आहे : डोल्यूटेग्राव्हिर अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. टीएलडी रात्री नऊला असेल तर झिंक सकाळी नाश्त्यानंतर द्या, प्रश्न मिटला. कॅल्शियम किंवा लोह द्यायचेच असेल तर भरपेट जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला ही सवलत नाही. आणि खरे सांगायचे तर झिंकची गोळी कोविडमध्ये काही करते असे सिद्ध झालेले नाही. वेळ साधता येत नसेल तर तीच वगळा.

पँटोप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचे नेमके उलट. टीएलडीवर असणाऱ्याला ते बिनधास्त द्या. पण दुसऱ्या फळीत ॲटाझानाव्हिर घेणाऱ्याला नको. ॲटाझानाव्हिर विरघळायला पोटात आम्ल लागते, आणि वॉर्डात तर दाखल होणाऱ्या प्रत्येकाला सवयीने सकाळी पँटोप्रॅझोलचे इंजेक्शन लागतेच. अशा रुग्णाला आम्ल कमी करणारे काही खरोखर हवे असेल तर फॅमोटिडीन, तेही वेळ ठरवून आणि एआरटीच्या डॉक्टरांशी बोलून.

ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ६ मिग्रॅ रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, हे एचआयव्ही असला तरी तसेच. त्यासाठी डोल्यूटेग्राव्हिरचा डोस बदलावा लागत नाही. दोन ठिकाणी थांबा. रुग्ण रिल्पिव्हिरिनवर असेल (खासगीतून औषधे घेणाऱ्यांत असे भेटतात) तर डेक्सामेथासोनमुळे त्याची पातळी घसरते. आणि औषधांत कुठेही रिटोनाव्हिर असेल, म्हणजे लोपिनाव्हिर, ॲटाझानाव्हिर किंवा डारुनाव्हिर यांच्या जोडीला, तर स्टिरॉइड शरीरात साचते. २०२१ च्या लाटेत घरी असलेल्या रुग्णांना बुडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप ८०० मायक्रोग्रॅम दोनदा, पाच दिवस, असा सर्रास दिला गेला. पाच दिवसांत फार काही होत नाही. पण तोच पंप 'बरे वाटते' म्हणून दोन-तीन महिने ओढला, तर रिटोनाव्हिरबरोबर चेहरा सुजतो, साखर चढते आणि रुग्णाची स्वतःची ॲड्रिनल ग्रंथी झोपी जाते. पंप लागणारच असेल तर बेक्लोमेथासोन निवडा. साखरेचाच विषय आहे तर : डोल्यूटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिग्रॅच्या वर नेऊ नये. स्टिरॉइडने वाढलेल्या साखरेला मेटफॉर्मिनचा डोस दुप्पट करून उत्तर देण्यापेक्षा इन्शुलिन बरे. म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राला न सांभाळलेली साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की काय होते ते दाखवलेच आहे.

एक जुनी गोष्ट इथेच संपवतो. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर हे एचआयव्हीचे औषध कोविडवर चालेल या आशेने मार्च २०२० मध्ये जयपूरपासून वापरले गेले. २०२० च्या मध्यापर्यंत मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग नाही हे स्पष्ट झाले. तेव्हा कोविडसाठी म्हणून टीएलडी बदलून कोणाला लोपिनाव्हिरवर नेऊ नका. उलट, जो आधीपासून त्यावर आहे त्याचे ते काढूही नका.

निर्माट्रेल्विर-रिटोनाव्हिर हे कोविडचे औषध मात्र खरोखर उपयोगी आहे, लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत दिले तर. निर्माट्रेल्विर १५० च्या दोन गोळ्या आणि रिटोनाव्हिर १०० ची एक, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची गती) ३० ते ६० असेल तर निर्माट्रेल्विरची एकच गोळी. टीएलडीबरोबर चालते. जो एआरटीतच रिटोनाव्हिर घेतो त्याने दोन्ही चालू ठेवावे, काही कमी करायचे नाही. रिफाम्पिसिनवर असणाऱ्याला ते देऊ नये, आणि रिफाम्पिसिन परवा थांबवले म्हणूनही चालत नाही. त्याचा परिणाम दोनेक आठवडे राहतो. सिमव्हास्टॅटिन बंद करा. रेमडेसिव्हिरचे मात्र एआरटीशी फारसे भांडण नाही.

मूत्रपिंड. डोल्यूटेग्राव्हिर सुरू झाले की क्रिएटिनिन साधारण ०.१ ते ०.२ ने वर सरकते आणि तिथेच थांबते. मूत्रपिंड बिघडलेले नसते, क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट तेवढी अडलेली असते. एवढ्यावर टीएलडी थांबवू नका. पण कोविडमध्ये क्रिएटिनिन रोज चढत असेल आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची ते गाळण्याची क्षमता) ५० च्या खाली गेला असेल, तर टेनोफोव्हिर काढून ॲबाकाव्हिर द्यायचे का हे त्याच दिवशी एआरटी डॉक्टरांना विचारा. तीनही औषधे एकदम बंद करून वाट बघणे हा पर्याय नाही, आणि हिपॅटायटिस बी असेल तर ॲबाकाव्हिरने तिकडचे भागत नाही हेही लक्षात असू द्या.

व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाला टीएलडी कुटून, पाण्यात मिसळून राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात गेलेल्या नळीने) देता येते. दूध किंवा खनिजे घातलेले फीड आणि गोळी यांत झिंकसारखेच अंतर ठेवा, आणि नळी आधी-नंतर पाण्याने धुवा. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरची गोळी मात्र कुटायची नाही. कुटली की निम्म्याच्या आसपास औषधच पोहोचते.

आता आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते त्या गोष्टीकडे येतो : कोविड नसलेला 'कोविड'. सीडी फोर कमी असलेल्या माणसाला कोरडा खोकला, ताप, चालताना दम, सीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांत ग्राउंड ग्लास (धुरकट काचेसारखे डाग). लाटेच्या दिवसांत आरटी-पीसीआर निगेटिव्ह आला तरी असा रुग्ण 'सस्पेक्ट' म्हणून कोविडच्याच रांगेत राहतो. पण हे चित्र न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचेही आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती घसरलेल्यांना होणाऱ्या बुरशीच्या न्यूमोनियाचे. फरक इतिहासात सापडतो. कोविडचा दम साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वाढतो. न्यूमोसिस्टिसचा दोन-चार आठवड्यांपासून हळूहळू चढत आलेला असतो. रुग्ण बसून ९६ दाखवतो आणि खाटेभोवती दोन चकरा मारल्या की ८६ वर येतो. सीटीत कोविडचे डाग बहुधा कडेला आणि खाली, न्यूमोसिस्टिसचे मध्यभागी, कडा मोकळ्या. तोंडात बघा. मास्क खाली करून टॉर्च मारायला कोविडच्या भीतीने कोणी धजत नाही. पण टाळूवरचे पांढरे थर (बुरशीचे, प्रतिकारशक्ती घसरल्याची खूण) पुष्कळदा सीटीपेक्षा जास्त सांगतात. इथे नुसते स्टिरॉइड दिले तर दोन दिवस बरे वाटते, मग घसरण सुरू होते, आणि आपण 'सायटोकाइन स्टॉर्म' म्हणत बसतो. शंका आली की को-ट्रायमॉक्साझोल सुरू करा, ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबाने १५ ते २० मिग्रॅ प्रति किलो प्रति दिवस, तीन-चार भागांत, २१ दिवस. ऑक्सिजन कमी असेल तर सोबत स्टिरॉइड. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, हेही विसरू नये.

टीबीचे तसेच. एचआयव्ही असणाऱ्याला खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम यांतले एकही लक्षण असेल तर कोविडच्या स्वॅबबरोबरच थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवा. कोविड पॉझिटिव्ह आला म्हणून टीबीची तपासणी पुढे ढकलायची नाही.

कोविडच्या काळात केलेला सीडी फोर बघून एआरटी निकामी ठरवू नका. कोविडमध्ये सगळेच लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खाली येतात, सीडी फोर त्यांच्याबरोबर पडतो. बरे झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करा. एआरटी चालते की नाही हे व्हायरल लोड सांगेल. याची दुसरी बाजूही ठाऊक असावी. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नातालमधल्या एका ३६ वर्षांच्या बाईच्या शरीरात, एचआयव्ही नियंत्रणात नसताना, कोविडचा विषाणू २१६ दिवस टिकला आणि त्यात तीसहून अधिक बदल झाले. महिनाभरानंतरही स्वॅब पॉझिटिव्ह येणाऱ्या रुग्णाची एआरटी आधी तपासा.

प्रशासनाच्या बाबतीत थोडेच. जुलै २०२० च्या केंद्र सरकारच्या सूचनेत एचआयव्ही असणाऱ्यांना सरसकट गृहविलगीकरण नाकारले होते. नंतर वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून परवानगी द्यावी अशी वाट ठेवली गेली. सरसकट बंदीचा परिणाम एकच होतो, लोक एचआयव्ही लपवतात. १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयोगटाच्या लसीकरणासाठी सहव्याधींची यादी आली, तीत एचआयव्ही होता, पण लस घ्यायला डॉक्टरांचे प्रमाणपत्र केंद्रावर दाखवायचे होते. ते गावातल्या केंद्रावर टेबलावर ठेवायला कोण जाणार? महिन्याभरात अट सर्वांसाठी वयावर आली म्हणून निभावले. पुढे कधी बूस्टरची यादी निघाली तर एचआयव्हीसाठीचे लसीकरण एआरटी केंद्रातच ठेवा.

२०२० च्या टाळेबंदीत तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची मुभा मिळाली, तेव्हा लांबून येणाऱ्यांचा एसटीचा प्रश्न सुटला. मे २०२५ मध्ये मुंबई-पुण्याकडे रुग्ण पुन्हा वाढले तेव्हा रुग्णालये बंद झाली नाहीत, पण एआरटी केंद्र ज्या आवारात आहे तिथेच तापाची रांग लागली, की माणूस बाटली घ्यायला यायचे टाळतो. केंद्राचा दरवाजा तापाच्या ओपीडीपासून वेगळा करा. दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेल्याला हिरवी वही दाखवून जवळच्या केंद्रातून महिनाभराच्या गोळ्या मिळतात, हे आपल्या हेल्पलाइनवर बसणाऱ्यांना सांगा. अनेकांना माहीतच नसते.

आणि डिस्चार्जच्या वेळी कार्डावर एआरटीची ओळ इतर औषधांसारखीच येऊ द्या, किती दिवस चुकली तेही लिहून. तेवढ्यावर आम्ही पुढचा व्हायरल लोड कधी करायचा ते ठरवू. वॉर्डातून दिलेल्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या रुग्णाला बाटलीसकट द्या, पुडीत बांधून नको. आत ओल शोषणारी पिशवी असते. एआरटी केंद्राच्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांचा फोन क्रमांक नर्सिंग स्टेशनच्या काचेखाली लावा, ड्यूटी लिस्टच्या शेजारी.

आपले,
एआरटी केंद्रांत काम करणारे समुपदेशक, परिचारिका व औषधनिर्माण अधिकारी